होरेस डक्सबरीचं हॅम

बँकेत घंटा वाजवायची असते, असं डोरीन हिंडलला आधी कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. घंटा चर्चमध्ये वाजते, शाळेत वाजते, फार तर आगीच्या बंबावर वाजते. पण थॉर्नक्लफच्या बाजारातल्या ज्या दगडी बँकेत तिने पस्तीस वर्षं काउंटरमागे काढली, तिथली काच एका सोमवारी काढून टाकली. लाकडी जमिनीवर जांभळा गालिचा पसरला, दोन गुबगुबीत सोफे आले आणि सोफ्यांच्या मधोमध भिंतीला पितळी घंटा टांगली गेली. नियम असा, की ज्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवं खातं मारलं त्याने उठून घंटा बडवायची आणि बाकीच्यांनी हातातलं काम टाकून टाळ्या पिटायच्या. समोर कोणी चेक धरून ताटकळत असलं तरी आधी टाळ्या. डोरीनला पहिल्या दिवशीच शिसारी आली आणि ती पुढे कधी गेली नाही.

ही अक्कल रॉसची. रॉस नवा मॅनेजर, मँचेस्टरहून गाडीने येणारा, डोरीनच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. केसांना चिकट काहीतरी फासलेलं, दात जाहिरातीतले आणि टेबलावर हात साफ करायच्या औषधाची छोटी बाटली. कोणा म्हाताऱ्याशी हात मिळवला की तो पाठ वळवून दोन थेंब हातावर घ्यायचा आणि चोळत चोळत पुन्हा हसायचा. त्याला दुष्ट म्हणावं तर तेवढाही दम त्याच्यात नव्हता. वरून सांगितलेलं तो खाली सांगायचा, आणि सांगताना डोरीनला ‘राणी’ म्हणायचा.

“राणी, आज किती वेळा घंटा?” रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करून तो विचारी.

“बघू,” डोरीन म्हणे.

“बघू नाही चालत गं. तो तक्ता बघ.”

तक्ता चहाच्या किटलीजवळ लावलेला होता. प्रत्येकाच्या नावापुढे सोनेरी चांदण्या, बालवाडीत लावतात तशा. डोरीनच्या नावापुढे एकही नव्हती. पेन्शनला तीन वर्षं उरली होती आणि वरच्या ऑफिसातून ‘सुधारणा करा’ म्हणून एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा पिशवी भरायला लावतात, हे तिला ठाऊक होतं. सत्तावन्नाव्या वर्षी आमच्या खोऱ्यात दुसरी नोकरी म्हणजे शाळेतले संडास पुसणं. तेही मिळालं तर.

त्या वर्षी विकायचा माल होता ‘सुवर्ण चालू खातं’. चालू खात्यावर सहसा कोणी व्याज देत नाही. हे देत होते पाच टक्के. आणि वर हजार पौंडांचा ओव्हरड्राफ्ट, वर्षभर फुकट. म्हणजे खात्यात दमडी नसली तरी बँकेचे हजार पौंड उचला, वर्षभर कोणी काही विचारणार नाही. वर्षानंतर काय, ते पत्रकाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. व्याज जवळजवळ शून्यावर, आणि उधारी बाकी असेल तर रोज एक पौंड, रविवार धरून. फुकट ते पौष्टिक ही म्हण ज्याने काढली तो बँकेतच कामाला असणार, दुसरीकडे इतकी लाज सोडता येत नाही.

होरेस डक्सबरी दर शुक्रवारी यायचा. डोक्यावर सपाट टोपी, कोटाच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेलं पासबुक, त्याला रबर. एकोणऐंशीचा झाला होता. वरच्या कापडगिरणीत तो साच्यांचा, म्हणजे यंत्रमागांचा, जॉबर होता, साचेवाल्यांवरचा मुकादम. गिरणी बंद पडून तिथे आता गालिच्यांचं दुकान झालं, पण होरेसचे कान गिरणीनेच नेले. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कुणालाच नीट ऐकू येत नाही, त्यातलाच तो एक. त्यामुळे आमच्या खोऱ्यातली जुनी माणसं आवाज न काढता बोलतात. ओठ मोठमोठे हलवायचे, भुवया उचलायच्या, आणि समोरच्याने ओठ वाचायचे. गिरणीत दुसरा इलाजच नव्हता. पुढे गिरण्या गेल्या तरी ही बोली राहिली. बायकांची आजारपणं, पोरींची लफडी, कुणाचा नवरा कुठे झोपतो, हे सगळं बसमध्ये समोरासमोर बसून, एक अक्षर न उच्चारता बोललं जातं. डोरीनची आई होरेसच्या हाताखालची साचेवाली. त्यामुळे डोरीन ही बोली आईच्या मांडीवरच शिकली होती.

होरेसच्या पासबुकात दोन हजार पौंड होते. ते त्याच्या मढ्याचे. हे तो लपवून ठेवत नसे, आकडा मात्र कधी सांगत नसे. आपल्या पैशाचा आकडा चारचौघांत तोंडातून काढणं म्हणजे आमच्याकडे अंतर्वस्त्रांवर बाजारात येण्यासारखं. बायकोला नवऱ्याचा पगार कळायचा तो नवरा मेल्यावर. डोरीन पासबुकावर व्याज चढवून द्यायची, तो ओळीवर बोट ठेवून वाचायचा आणि मान हलवायचा.

“पुरेल ना होरेस?” ती विचारायची.

“हॅमला पुरेल,” तो म्हणायचा.

हॅमचं म्हणजे असं, की आमच्याकडे माणूस कसा जगला हे कोणी विचारत नाही, त्याला हॅम देऊन पोचवला का एवढं विचारतात. मातीला आलेल्यांना नंतर चहा द्यायचा आणि चहाबरोबर हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी. घरी उकडलेलं, बोटभर जाड कापांचं, कडेला चरबीची पांढरी किनार असलेलं. ज्याच्या मागे हॅम त्याचं घर खाऊनपिऊन सुखी, तो कुणाचं देणं न ठेवता गेला. ज्याच्या मागे बाटलीतल्या मासळीच्या लगद्याची सँडविचं, त्याच्याबद्दल लोक परत जाताना काही बोलत नाहीत, आणि तेच फार बोलणं असतं. होरेसने बायकोला, एलेनला, सहा वर्षांपूर्वी हॅम देऊनच पोचवली होती. तिच्या थडग्यावर दगड बसवायला मात्र मग पैसे उरले नाहीत. तिथे लाकडी क्रूसच राहिला, आणि तो आता एका बाजूला कलला होता.

सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी रॉस मुद्दाम सोफ्यावर येऊन बसला, डोरीनच्या तोंडाकडे बघत. मग तिने ते पत्रक उचललं.

“होरेस, या पुस्तकावर तुम्हाला काही मिळत नाही हो. अर्धा टक्कासुद्धा नाही. हे नवं खातं बघा, पाच टक्के.”

“किती?”

तिने हाताची पाच बोटं दाखवली.

“आन् गोम काय त्यात?”

“गोम कसली? तुमची पेन्शन यात जमा होऊ द्यायची, बस्स. वर हजाराचा ओव्हरड्राफ्ट फुकट.”

होरेसचा चेहरा आंबट झाला. “म्हणजे उधारीच की. नको पोरी. माझा बाप उधारीच्या दुकानावरनं जायचं म्हटलं तरी रस्ता ओलांडून पलीकडनं जायचा.”

“वापरायचा नाही हो तो. नुसता पडून राहील, कोपऱ्यातल्या छत्रीसारखा.”

“मग द्यायचा कशाला?”

खरं उत्तर सोफ्यावर बसून जाहिरातीतले दात दाखवत होतं. डोरीन हसली. ते हसू तिला पुढे कित्येक महिने आरशात दिसत राहिलं, आणि दर वेळी दात घासायचा ब्रश तिने जरा जास्तच जोरात फिरवला.

“सगळ्यांनाच देतात, होरेस.”

होरेसने टोपी मागे सारली. “तू सांगतेस म्हणून हं. तुझी आई कधी खोटं बोलली नाही. सूत तुटलं की आपणहून येऊन सांगायची.”

सही झाली. ‘कागदी हिशेब नको’ या चौकोनात रॉसने स्वतः येऊन खूण केली, कारण त्याचीही वेगळी चांदणी मिळायची. पासबुक ठेवून घेता येईल का, असं होरेसने विचारलं. रॉस म्हणाला, “कशाला तो कचरा?” आणि ते मेणकापडासकट कागद फाडायच्या यंत्रात गेलं. मेणकापड अडकलं. रॉसने ते चिमटीत धरून ओढून काढलं आणि टोपलीत टाकलं.

मग डोरीनला उठून घंटा वाजवावी लागली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. होरेसला घंटा ऐकू आली नसावी, पण टाळ्या दिसल्या. त्या आपल्यासाठीच आहेत असं समजून तो गडबडला, त्याने टोपी काढली आणि सगळीकडे वळून मान लववली. रॉसने त्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि बाटलीकडे वळला. डोरीनच्या नावापुढे पहिली चांदणी लागली. तिने जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

पुढचं सगळं सरळ घडत गेलं, वाईट गोष्टी घडतात तसं. पासबुक गेल्यावर होरेसला काउंटरशी यायचं कारण उरलं नाही. गिऱ्हाइकांना काउंटरपासून हाकलून मशीनकडे पाठवायचं, हाही रॉसचा एक तक्ता होता. तेव्हा डोरीननेच त्याला दारातल्या पैशाच्या मशीनवर कार्ड घालायला शिकवलं. कार्ड घातलं की पडद्यावर येई, ‘उपलब्ध रक्कम’. होरेसला तिथे तीन हजार दिसले.

त्याचे स्वतःचे दोन, आणि बँकेच्या उधारीचा एक. मशीन दोन्हींची मोट बांधून दाखवतं. हजार तुझे नव्हेत, हे काही ते सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखात माणूस धावत आत आला असता, ‘अहो, माझे हजार वाढले कसे’ म्हणून ओरडला असता, आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. होरेस आमच्या खोऱ्यातला. त्याने पडद्यापुढे टोपी धरली, मागे कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि आकडा मनात गिळला. पाच टक्के म्हणजे किती, हा हिशेब त्याला जमला नसता असं नाही. पण बँकेने चूक आपल्या बाजूने केली असेल का, अशी शंका सज्जन माणसाला सुचतच नाही. त्याला वाटलं, इतकी वर्षं अर्ध्या टक्क्यावर ठेवलं त्याची यांनी भरपाई केली. कोपऱ्यातली ती छत्री तो केव्हाच विसरला होता.

तो फक्त दारातून आत डोकावला आणि आवाज न काढता, ओठांनीच म्हणाला, “लई भलं केलंस पोरी. व्याज मस्त देता.”

डोरीननेही ओठांनीच उत्तर दिलं, “पाच टक्के!” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. किती झाले, असं तिने विचारलं नाही. तिच्याही रक्तात तेच होतं. दुसऱ्याचा आकडा विचारायचा नसतो.

मे महिन्यात होरेस ऐंशीचा झाला. एलेनच्या थडग्यावर आधी दगड बसला, करडा, नाव खोदलेला, खाली दुसऱ्या नावाला जागा सोडलेला. मग बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये त्याने चहा ठेवला. जुन्या गिरणीतली जिवंत होती तेवढी सगळी बोलावली, आणि डोरीनलाही. टेबलावर हॅम होतं. तीन मोठाल्या मांड्या, क्लबच्या मेरी-ऍलिसने दोन दिवस खपून उकडलेल्या. मेरी-ऍलिस ही एके काळची साचेवाली, आता खोऱ्यातल्या यच्चयावत बारशांची आणि मयतांची स्वयंपाकीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“काय रे होरेस, मरायच्या आधीच मयताचं जेवण?” ती हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडली. “का आमच्यावर भरवसा नाही?”

“भरवसा आहे गं. पण मेल्यावर मला चव कशी कळायची?”

“आणि खरा मरशील तेव्हा?”

“तेव्हाचं वेगळं ठेवलंय. तेव्हाही तूच उकड.”

होरेस खुर्चीवर चढू लागला, दोघांनी धरला म्हणून नुसता उभा राहिला. म्हणाला, “मंडळी, पोटभर खावा. कुणाचं ऋण काढून हा सण केलेला नाही. माझा पैसा नीट ठेवायला लावला तो आपल्या डोरीननं, क्लॅरा हिंडलच्या सुनेनं नव्हे, एडिथ बूथच्या लेकीनं! आईवर गेलीय पोरगी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोरीन लाल झाली. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. गेल्या आठ महिन्यांत तिने आणखी अकरा घंटा वाजवल्या होत्या आणि त्यांतली एक तरी कुणाच्या भल्याची निघाली, असं तिच्या मनात आलं. तिने मोहरी लावून हॅमचे तीन काप खाल्ले.

मशीनवर आता दोन हजार दिसत होते. मढ्याचे दोन हजार, जिथल्या तिथे. होरेसने ते जुलैमध्ये अंत्यविधीवाल्याच्या दुकानात कार्डाने भरून टाकले. पेटी, गाडी, पाद्री, चहा, हॅम, सगळं आगाऊ. पावती घेऊन तो इतक्या हलक्या पावलांनी घरी गेला की वाटेत त्याने क्लबवर थांबून एक डाव टाकला आणि जिंकला. आपण आता जगाचं काही देणं लागत नाही, उद्या सकाळी गेलो तरी चालेल, असं तो मेरी-ऍलिसला म्हणाला.

नोव्हेंबरात, पावसाळी थंडीच्या एका शुक्रवारी, तो वर्षभराने पुन्हा काउंटरशी आला. मागे तीन माणसं उभी होती. काच नव्हतीच. रॉस सोफ्यावर एका नवरा-बायकोला पत्रक दाखवत होता.

“पोरी, कुठंतरी चुकतंय बघ तुमचं,” होरेस हळू आवाजात म्हणाला. पण बहिऱ्याचा हळू आवाज म्हणजे निम्म्या बँकेला ऐकू जाणारा. “पेन्शनीत महिन्याला तीस पौंड कमी येताहेत.”

डोरीनने खातं उघडलं. पडद्यावर आकडा लाल होता. तिने तो दोनदा वाचला. मग मागे मागे जात राहिली, सप्टेंबर, जुलै, मे. मे महिन्यात खाटकाचं नाव आलं, आणि तिला सगळं एकदम दिसलं. जिभेवर मोहरीची चव परत आली.

तिने होरेसच्या बाहीला हात लावला. त्याने वर पाहिलं. मग तिने आईच्या बोलीत, आवाज न काढता, ओठ मोठे करून सांगितलं. “होरेस, तीन हजार तुमचे नव्हते. त्यातले एक हजार बँकेचे. ती छत्री.”

होरेसने तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. “कोणते हजार?” त्याचेही ओठच हलले.

“तुम्ही दगडाला दिले ते. आणि चहाला.”

“माझे मढ्याचे आहेत की.”

“ते तुमचे होते. ते दुकानात भरलेत. आता तुमच्या नावावर उधारी आहे. वर्ष संपलं, म्हणून रोज एक पौंड कापतात.”

मागच्या माणसाने खोकून पाय बदलले. बाहेरून बघणाऱ्याला एक म्हातारा आणि एक बाई काउंटरच्या दोन बाजूंनी पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे तोंड उघडमीट करताना दिसले असतील. मग होरेसचे ओठ हलले.

“ते हॅम कुणाचं मग?”

डोरीनला खोटं बोलता आलं असतं. ओठांच्या बोलीत खोटं बोलायची सवय मात्र तिला नव्हती.

“बँकेचं,” ती म्हणाली.

होरेसने खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. सावकाश, कडेपासून कडेपर्यंत, आत्ताच जेवून उठल्यासारखं. “ऋण काढून सण केला की मी,” त्याचे ओठ म्हणाले. “सगळ्या गिरणीला बोलावून.”

“मी विचारायला हवं होतं.”

“तू विचारत नसतीस गं. आन् मी सांगितलं नसतं.”

एवढ्यात रॉस आला. म्हातारं माणूस काउंटरशी फार वेळ अडून राहिलं की तो वास आल्यासारखा यायचा. त्याने पडद्यावर नजर टाकली, तोंडाने चकचक केलं आणि होरेसच्या खांद्यावर हात ठेवला.

“काही काळजी नको, होरेस! असं बऱ्याच जणांचं होतं. आपण असं करू, या महिन्याचे तीस मी परत देतो, माझ्या अधिकारात. आणि या हजारासाठी एक छानसं कर्ज करून टाकू, पाच वर्षांचं. हप्ता तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.”

“रॉस, ते एकाऐंशीला टेकलेत,” डोरीन म्हणाली.

“मग तर छोटा हप्ता, राणी.”

“मी कर्ज घेत नसतो,” होरेस मोठ्याने म्हणाला.

रॉस मनापासून हसला. “पण घेतलंय की ऑलरेडी!”

डोरीनने आयुष्यात कुणाच्या तोंडावर थुंकण्याचा विचार केला नव्हता. त्या क्षणी तिच्या तोंडात पाणी जमा झालं, आणि तिने ते गिळलं. पेन्शनला एक वर्ष आणि काही महिने उरले होते. माणूस काय काय गिळतो!

“बाळा,” होरेस रॉसला म्हणाला, “भीक नको पण कुत्रं आवर. तुझे तीस ठेव तुझ्यापाशी. सोमवारी येतो.”

सोमवारी तो आला. अंत्यविधीवाल्याकडून त्याने आपलं मयत परत आणलं होतं. दुकानदार भला माणूस, पण त्याच्याही कागदावर मागच्या बाजूला काहीतरी होतंच, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नव्हती. होरेसने नोटा काउंटरवर ठेवल्या. डोरीनने हजार आणि वरचा कापलेला सगळा दंड भरून घेतला, खातं बंद केलं, कार्डाचे दोन तुकडे केले. तेवढ्यात तिने पगारातले शंभर पौंड त्याच्या उरलेल्या नोटांत हळूच सरकवायचा प्रयत्न केला. त्याने मोजून ते बाहेर काढले आणि तिच्याकडे परत ढकलले. रागाने नाही. चुकून जास्त आलेली मोड परत करावी, तसे.

“फिटलं?” त्याने विचारलं.

“फिटलं.”

त्याने टोपी घातली. मग भिंतीवरच्या घंटेकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आज टाळ्या नाहीत व्हय?”

रॉसने बाटलीतून दोन थेंब हातावर घेतले. त्याच्याशी कोणी हात मिळवलाही नव्हता.

होरेस फेब्रुवारीत गेला, झोपेत, कुणाचं एक पेनीचं देणं न ठेवता. उरलेल्या पैशात सर्वांत स्वस्त पेटी बसली, गाडी बसली, आणि एलेनच्या दगडावर खाली सोडलेल्या जागेत नुसतं नाव बसलं. चहा क्लबने आपल्या खर्चाने दिला. मेरी-ऍलिसने वर्गणी काढून हॅम आणते म्हटलं होतं, पण होरेसने आधीच बजावून ठेवलं होतं म्हणे, की माझ्या मागं कुणी माझ्यासाठी भांडं फिरवायचं नाही. म्हणून टेबलावर मासळीच्या लगद्याची सँडविचं होती, त्रिकोणी कापलेली, कडा वाळून वर आलेल्या.

गिरणीतली सगळी आली होती. सगळ्यांनी सँडविचं घेतली, सगळ्यांनी खाल्ली, आणि कोणी काही बोललं नाही. डोरीन भिंतीशी उभी होती. बँकेतून दोन तासांची सुट्टी काढून आली होती, दुपारी परत जायचं होतं, त्या घंटेखाली. तिने घास तोंडात घेतला. तो ओला, खारट, मांजराला घालतात तसला होता, आणि खाली उतरेना.

हॉलच्या दुसऱ्या टोकाहून मेरी-ऍलिसने तिला पाहिलं. एवढ्या माणसांत डोरीनला एकटीलाच काय खातंय, ते मेरी-ऍलिसला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बिचारीला ताटाची लाज वाटतेय. म्हणून तिने भुवया उचलल्या आणि धीर द्यायला, आवाज न काढता, ओठ मोठे करून सांगितलं.

“वाईट वाटून घेऊ नको गं. त्याचं हॅम आपण आधीच खाल्लंय.”